खुराडं बांधण्याआधी पाणी कुठं सांडणार ते ठरवा

बावीस वर्षं मी द्राक्षबागांना ठिबक जोडायचं काम केलं. मोहाडी, जानोरी, गिरणारे, पिंपळगाव बसवंत, जिथून बोलावणं येईल तिथं लॅटरलचं, म्हणजे ठिबकच्या काळ्या नळीचं, बंडल खांद्यावर टाकून गेलो. त्यामुळे पाणी कुठून येतंय, किती दाबानं येतंय आणि शेवटी कुठं मुरतंय, याकडे माझी नजर आधी जाते. नाशिकजवळ मखमलाबादला आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथं आज बारा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. घरची अंडी सुटतात, शेजारच्या दोन घरांनाही जातात.

कोंबड्या पाळायचं मनात आलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "खुराडं किती बाय किती बांधू?" मी त्यांना म्हणतो, आधी पाणी कुठं ठेवणार ते सांगा. हे मी फार मोठी किंमत देऊन शिकलोय.

सात वर्षांपूर्वी पाच आठवड्यांची अठरा पिल्लं आणली होती. खुराडं नवंकोरं, खाली भाताचं तूस, मधोमध पाण्याचं पसरट भांडं. आषाढ लागला, झड बसली. पिल्लं भांड्यात पाय घालायची, पाणी उडवायची आणि भांड्याभोवतीचं तूस भिजून त्याची पोळी व्हायची. वरचं वर मी नवं तूस टाकत राहिलो. चौथ्या-पाचव्या दिवशी विष्ठेत रक्त दिसलं. पिल्लं पंख पाडून, मान आत घेऊन कोपऱ्यात उभी राहू लागली. चार दिवसांत अकरा गेली. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, रक्ती हगवण. तिचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते बाधण्याजोगे होतात. तीन गोष्टींपैकी ऊब आणि हवा आपण काढून घेऊ शकत नाही. ओल मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्या दिवसापासून माझ्याकडे नियम एकच, खुराड्याच्या आत पाणी नाही.

मग रात्री कोंबड्या काय पितात? काही नाही. अंधार पडला की कोंबडी काठीवर बसते ती उजाडेपर्यंत खाली उतरत नाही, अंधारात ती पाणीही पीत नाही. उजाडल्याबरोबर दार उघडलं की झालं. तुम्हाला उशिरा उठायची सवय असेल तर खुराडं आणि जाळीचं अंगण यांच्यामधली छोटी खिडकी उघडी ठेवता येईल असं अंगण बांधा, म्हणजे अंगणालाही वरून जाळी आणि खालून बंदोबस्त हवा.

जागा आणि सांगाडा

नाशिकला पाऊस घाटाकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि उन्हाळ्यात चारचं ऊनही तिकडूनच भाजतं. म्हणून खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि त्या जाळीच्या ठेवता येतात. पश्चिमेची आखूड भिंत मात्र पूर्ण बंद करा, विटांची असो की पत्र्याची. एका भिंतीत पाऊस आणि ऊन दोन्ही अडतात.

माझं खुराडं आठ फूट लांब, सहा फूट रुंद आहे. कोंबडा सोडला तर बाराजणींना म्हणजे दर कोंबडीला चार चौरस फूट. दिवसभर बाहेर हिंडणाऱ्या कोंबड्यांना दोन-अडीच फुटांतही भागतं, पण झडीचे आठ-आठ दिवस त्या बहुतेक वेळ आतच बसतात, तेव्हा ही जागा कामाला येते. उंची एका बाजूला साडेसहा, दुसऱ्या बाजूला साडेपाच फूट. कमरेत वाकून झाडावं लागणारं खुराडं कोणीही मन लावून झाडत नाही, त्यामुळे माणूस उभा राहील एवढं दार हवंच.

खांबांसाठी नवं लोखंड घेऊ नका. आपल्याकडे दरवर्षी कुठली ना कुठली जुनी द्राक्षबाग काढली जाते, तिथले अँगल आणि तारा भंगाराच्या भावात मिळतात. माझे सहाही खांब बागेतले आहेत. जोतं जमिनीपासून फूटभर उंच घ्या, वर कोबा करा आणि कोब्याला दाराकडे हलका उतार द्या. छपराचा पत्रा भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट यायला हवा. इथंच बहुतेक जण पत्रा वाचवतात आणि मग चार महिने ताडपत्री बांधत बसतात.

जाळीबद्दल एकच सांगतो. षटकोनी भोकांची जी पातळ कोंबडी-जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालचे तीन फूट तरी अर्ध्या इंचाच्या भोकाची वेल्डमेश, म्हणजे तारा डाग देऊन जोडलेली कडक जाळी, लावा. ती जमिनीत सरळ खाली पुरण्यापेक्षा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड-माती टाका. घूस आणि मुंगूस जाळीच्या अगदी पायथ्याशी उकरायला लागतात, जाळी लागली की तिथंच उकरत राहतात, मागे सरकून उकरायचं त्यांना सुचत नाही. दाराला कडी-कोयंडा आणि वर एक हूक, असे दोन अडसर ठेवा. आमच्या मळ्याच्या भागात उसातून बिबट्याही येतो. दिवेलागणीला दार लावायची वेळ आम्ही कधी चुकवत नाही.

भिंतीच्या वरच्या भागात, कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा वर, दोन्ही लांब बाजूंना हवा जायला मोकळी पट्टी ठेवा आणि ती थंडीतही बुजवू नका. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की लोक खुराडं गोणपाटानं चहूबाजूंनी गुंडाळतात. मग आत वाफ धरते, विष्ठेतला अमोनिया डोळ्यांना झोंबतो आणि सकाळी कोंबड्या शिंकायला लागतात. पिसांनी भरलेल्या मोठ्या कोंबडीला कोरडी थंडी सोसते. गोणपाट काठीच्या उंचीपर्यंतच लावा, वरची पट्टी उघडी राहू द्या.

बसायच्या काठीला बाभूळ किंवा कडुनिंबाची दोन इंच जाडीची फांदी घ्या आणि साल काढून टाका, सालीखाली बारीक लाल किडे लपतात आणि रात्री रक्त पितात. दर पक्ष्याला नऊ इंच धरा. माझ्याकडे दोन काठ्या आहेत, दोन्ही एकाच उंचीवर, जमिनीपासून दोन फूट. एक वर, एक खाली ठेवली तर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते. अंडी घालायच्या पेट्या काठीपेक्षा खाली ठेवा. वर ठेवल्या तर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीत सापडतात. फूट बाय फूट बाय फूट मापाच्या तीन पेट्या बाराजणींना पुरतात.

खाली तूस घोटीच्या भात गिरण्यांवरून आणतो. सुरुवातीला तीन इंच टाकायचं, आठवड्यातून दोनदा पावड्यानं उलथायचं आणि वर थोडं-थोडं वाढवत न्यायचं. आत पाणी नसेल तर हे तूस सहा-सात महिने सहज चालतं आणि नंतर उत्तम खत होतं. ते ताजं कुठल्याच झाडाला घालू नका, दोन-तीन महिने कुजू द्या.

पाण्याची जोडणी

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. उघडं भांडं वाईटच असतं असं नाही, पण त्यात कोंबडी उकरलेली माती उडवते, वरून शिटते आणि दिवसभरात कावळे-साळुंक्याही त्याच भांड्यात चोच घालून जातात. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा आपल्या सगळ्या भागात कोंबडीवाल्यांची झोप उडाली होती. रानपक्षी आणि आपले पक्षी एका पाण्यावर येऊ द्यायचे नाहीत, हे मी तेव्हापासून मनाशी धरलं आहे. निपलची जोडणी त्यासाठी सगळ्यात सोपी.

निपलमध्ये स्टीलची एक छोटी दांडी असते. कोंबडीनं चोचीनं ती हलवली की थेंब सुटतो, सोडली की पाणी बंद. यासाठी दाब अगदी थोडा लागतो. ठिबकवाला असल्यानं मला आकडा पाठ आहे, पाण्याच्या दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब. तुमच्या गच्चीवरची टाकी सहा मीटर वर असेल तर खाली निपलवर अर्ध्या किलोच्या वर दाब येतो. निपलला तो फार होतो. चोच लागली की थेंबाऐवजी चिळकांडी उडते, आणि दांडीच्या बुडाशी वाळूचा एक कण जरी अडकला तरी रात्रभर धार लागते. पहिल्या खेपेला मीही घाईत गच्चीवरूनच नळी जोडली होती. सकाळी टाकी अर्धी झाली होती आणि अंगणात चिखल होता. तेव्हा गच्चीवरून थेट जोडू नका. मधे एक छोटी टाकी ठेवा, जिचं पाणी निपलच्या वर दीड-दोन फुटांवर असेल.

ही छोटी टाकी म्हणून मी तोटीचा माठ वापरतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा प्लॅस्टिकच्या बादलीतलं पाणी दुपारी आंघोळीच्या पाण्यासारखं होतं आणि कोंबडी ते टाळते. नेमकं जेव्हा तिला सर्वांत जास्त पाणी हवं असतं तेव्हा ती कमी पिते. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. बाराजणींना म्हणजे सहा लिटर धरा. वीस लिटरचा माठ दोन दिवस सहज जातो, तरी मी रोज सकाळी भरतो. माठ रोज भरायला जमणार नसेल तर झाकणाची वीस लिटरची काळी बादली घ्या, आत फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी भरलं की आपोआप बंद होणारी तरंगत्या गोळ्याची तोटी, बसवा आणि तिला गच्चीची नळी जोडा. मग बादली आपोआप भरत राहील. बादलीला भोक बुडापासून दोन बोटं वर पाडा, गाळ खाली बसून राहतो.

माठाच्या तोटीवर मी लॅटरलची सोळा मिलिमीटरची काळी नळी चढवून क्लॅम्प आवळला आहे. ती पुढे एक इंची पीव्हीसी पाइपात जाते. पाइप सात फूट. त्याच्या एका टोकाच्या एंड कॅपला भोक पाडून त्यात ग्रोमेट (रबरी कडी) आणि टेकऑफ (नळी चढवायचा छोटा जोड) बसवला, बागेत सबमेनला, म्हणजे मोठ्या पाइपाला, लॅटरल जोडतो तसाच. दुसऱ्या टोकाला छोटा बॉल व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या अलीकडे एक पातळ पारदर्शक नळी उभी ठेवली आहे, माठाच्या तोंडापेक्षा वर जाईल एवढी, वरचं टोक उघडं आणि त्यावर फडक्याची चिंधी. पाइपात अडकलेली हवा त्या नळीतून निघून जाते. ती नसली तर शेवटची दोन निपलं कोरडी राहतात आणि आपण उगाच निपल बदलत बसतो. शिवाय पाण्याची पातळी लांबूनच दिसते.

निपलची भोकं पाडताना पाइपावर आधी सूत मारून सरळ रेघ काढा, नाहीतर निपलं तिरकी येतात आणि तिरकं निपल गळतं. रेघेवर फूट-फूट अंतरानं खुणा करा. बारा कोंबड्यांना पाच निपलं भरपूर होतात. आट्यांच्या निपलला साधारण नऊ मिलिमीटरच्या आतलं भोक लागतं, पण कंपनीप्रमाणे माप बदलतं. म्हणून पाइपाचा एखादा तुकडा घेऊन त्यावर आधी एक भोक पाडून निपल फिरवून बघा. ड्रिल हळू चालवा. भोकाच्या कडेची कातण नखानं काढा आणि पाइप आतून स्वच्छ धुऊन घ्या. ही कातणच पुढे निपलमध्ये जाऊन बसते. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन वेढे द्या. हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं पाव फेराच द्या, जास्त आवळलं की पाइप तडकतो.

पांढऱ्या पाइपात उजेड शिरतो आणि शेवाळ धरतं. पाइप बाहेरून काळ्या रंगानं रंगवा किंवा त्यावर गोणपाट गुंडाळा. उन्हाळ्यात तेच गोणपाट ओलं ठेवलं की पाइपातलं पाणी तापत नाही.

पाइपाची उंची अशी ठेवा की कोंबडी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, मान वर ताणून दांडीपर्यंत पोचेल. खाली ठेवला तर ती बाजूनं चोच मारते आणि निम्मं पाणी गळ्यावरून खाली जातं. वाढत्या पिल्लांसाठी पाइप दोन साखळ्यांना टांगा आणि दर आठवड्याला एक-एक कडी वर घ्या.

हा पाइप छपराच्या त्या तीन फुटी वळचणीखाली, पण खुराड्याच्या बाहेर येतो. त्याच्या बरोबर खाली मी दीड फूट रुंद, फूटभर खोल चर खणून खडीनं भरला आहे. जो काही थेंब पडेल तो खडीतून खाली जातो, कोंबड्यांच्या पायाखाली चिखल होत नाही. चराचं शेवटचं टोक अळूच्या वाफ्यात सोडलं आहे. पाइप धुतला की ते पाणी अळूला.

कोंबडीला निपल शिकवणं

लहान पिल्लं पहिल्या दिवशीच शिकतात, ती चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर चोच मारतात. भांड्याची सवय लागलेल्या मोठ्या कोंबड्यांना दोन-तीन दिवस लागतात. हे शिक्षण एप्रिल-मेमध्ये करू नका. थंड दिवस बघा, सकाळी भांडं उचलून ठेवा आणि संध्याकाळी थोडा वेळ परत द्या.

आमच्याकडे हे काम आईनं केलं. ती पाटावर बसून बोटानं निपल टिचकवायची, थेंब दांडीच्या टोकाला लोंबायचा आणि बांगड्यांच्या आवाजानं कोंबड्या गोळा व्हायच्या. आमची तांबडी सगळ्यांत सावध. ती आधी डावा डोळा लावून थेंबाकडे बघत राहिली, मग मान फिरवून उजवा डोळा. थेंब पडला तशी दचकून मागे झाली. आईनं पुन्हा टिचकवलं. तिसऱ्या वेळेस तांबडीनं थेंब पडायच्या आत टिपला, चोच आभाळाकडे करून गिळला आणि मग जागची हललीच नाही. तिला बघून दुपारपर्यंत आणखी सात जणी शिकल्या. काळी मात्र दोन दिवस आली नाही. तिचा तुरा मऊ पडला होता, म्हणून आम्ही तिला वेगळं वाटीनं पाणी पाजलं आणि तिसऱ्या दिवशी तीही शिकली. म्हणून सांगतो, मोजून बघा. प्रत्येक कोंबडीला पिताना डोळ्यानं पाहिल्याशिवाय भांडं कायमचं काढू नका. एक दिवस पाणी चुकलं तरी अंडी कित्येक दिवस थांबतात.

राखण

रोज सकाळी माठ भरताना पाचही निपलं बोटानं दाबून बघायची, अर्धा मिनिट लागतो. आठवड्यातून एकदा बॉल व्हॉल्व्ह उघडून पाइप धुवायचा. उन्हाळ्यात मी दुपारी बारा आणि तीन वाजताही व्हॉल्व्ह मिनिटभर उघडतो, तापलेलं पाणी निघून जातं आणि माठातलं गार पाणी पाइपात येतं.

बोअरचं पाणी जड असेल तर दांडीवर पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा रात्री पाइपात पाणी आणि पांढरं व्हिनेगर भरून ठेवा, पहाटे कोंबड्या सोडायच्या आत दोनदा धुवा. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर वेगळ्या दिवशी, मधे स्वच्छ धुऊन. व्हिनेगर आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. माठ साबणानं घासायचा नाही, नारळाच्या काथ्यानं आतून-बाहेरून घासा. बाहेरची छिद्रं क्षारानं बुजली की माठ पाझरत नाही आणि पाणी गार होत नाही. मी दर फाल्गुनात नवा माठ आणतो.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पाण्यातून द्यायची असते तेव्हा ही सगळी जोडणी बाजूला ठेवा. लस जिवंत असते, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ती मरते आणि माठाच्या मातीत जिरते. प्लॅस्टिकचं स्वच्छ भांडं घ्या, विहिरीचं किंवा क्लोरीन नसलेलं पाणी घ्या, लिटरला चमचाभर साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. त्याआधी तास-दीड तास कोंबड्यांना पाणी देऊ नका, म्हणजे त्या भराभर पितात. लसीची बाटली निदान शंभर पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आम्ही गल्लीतली पाच घरं एकच दिवस ठरवतो आणि एका बाटलीत सगळ्यांचं होतं. किती दिवसांच्या पिल्लाला कोणती लस, हे तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

ज्यांचं खुराडं आधीच बांधून झालंय

पाडू नका. आज पाण्याचं भांडं बाहेर काढा, वर आडोसा करा, खाली खडी टाका. एवढ्यानंच आठवड्यात वास कमी होतो. त्यानंतर भिजलेलं तूस खरवडून काढा, कोबा दोन दिवस उन्हात वाळू द्या आणि मगच नवं टाका. निपलची जोडणी पुढच्या महिन्यात केली तरी चालेल. वळचण आखूड असेल तर पत्र्याची एक पट्टी वाढवा, तो खर्च सगळ्यात आधी करण्यासारखा.

मृगाच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी, छपरावर चार बादल्या पाणी ओता आणि एक जण आत उभा राहा. जिथं थेंब पडेल तिथं खाली चुन्यानं खूण करा, पत्र्याचे स्क्रू आणि वॉशर त्याच दिवशी बदला. मग दोन पाऊस झाल्यावर काठीखालचं मूठभर तूस उचलून घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा होऊन हळूच फुटलं तर ठीक आहे. गोळा तसाच राहिला तर आत ओल आहे, पावडं घ्या आणि कुठून येतेय ते शोधा.